सतरा नंबरचा आलेख

ता. ९ फेब्रुवारी

आदरणीय सर,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. गुडघ्याचं दुखणं असताना एवढ्या लांबून धाकट्याच्या अंत्यविधीला आलात. त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, मला धड आठवत नाही. तुम्ही आईशेजारी खुर्ची ओढून बसलात तेवढं आठवतं. चहासुद्धा कोणी विचारला नसेल. राग मानू नका.

आई बरी आहे. बरी म्हणजे जेवते, औषधं वेळेवर घेते, विचारलं तर उत्तर देते. धाकट्याची खोली तिनं झाडून बंद केली आहे. ब्रेडच्या कारखान्यातली माणसं त्याची डबा-बाटली आणि जाकीट आणून देऊन गेली. तो चालवत होता त्या ब्रेडच्या गाडीचं फार काही उरलं नव्हतं. उभ्या ट्रकवर मागून धडकली, ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर नाही, चालकाला झोप लागली असावी, असं पोलिसांनी लिहिलं आहे. ज्याला आयुष्यात कधी सातच्या आत उठवता आलं नाही, त्याला पहाटे तीनची नोकरी मिळाली. दुसरं काय होणार होतं?

मी पुढच्याच आठवड्यात क्लबात कामावर गेलो. मळके कपडे कोणासाठी थांबत नाहीत. तुमच्या वेळचं ते धडधडणारं वॉशिंग मशीन गेल्या वर्षी काढलं. नवीन अगदी मुकं आहे. धुणं कधी संपलं ते कळत नाही, मग मी उगाच समोर उभा राहतो. फिटनेसवाले अजून इथेच आहेत, त्यांनी नमस्कार सांगितला आहे. बाकी सगळी माणसं नवीन. धाकट्याला खेळताना पाहिलेले तिघंच उरलेत. त्यातला गोलकीपर भेटायला आला होता. म्हणाला, "सरकार गेले हो." ड्रेसिंग रूममध्ये धाकट्याला सगळे सरकारच म्हणायचे, तुम्हाला आठवत असेल. "सरकार उठले का?" "सरकारांची स्वारी निघाली का?"

तुम्ही आईला त्या दिवशी म्हणालात, "आई, लोक तुमच्या मुलाला आळशी म्हणाले. मी सहा आठवडे त्याच्या छातीचे ठोके रोज वाचलेत. इतका झगडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही." ते वाक्य आईला पाठ झालं आहे. येईल त्याला ऐकवते. काल वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवलं. तो बिचारा वही हातात धरून उभा.

आता पारितोषिकाविषयी. दरवर्षी क्लबच्या सर्वांत कष्टाळू खेळाडूला धाकट्याच्या नावानं पारितोषिक द्यायचं, पितळी पाटीवर त्याचा तो पळण्याचा आलेख कोरायचा, पहिलं पारितोषिक आईच्या हस्ते द्यायचं, हे तुम्ही अध्यक्षांच्या गळी उतरवलंत. क्लब सोडून तीन वर्षं झाली तरी तुम्ही त्याच्यासाठी एवढं करता. घरच्यांची लेखी संमती हवी, असं लिहिलं आहे. सर, आईची तब्येत बघता हे थोडं लांबणीवर टाकावं असं मला वाटतं. शिवाय जुने खेळाडू हसतील. सरकारच्या नावानं कष्टाचं बक्षीस म्हणजे जरा चेष्टाच वाटेल. बघा, पटतंय का.

घरी सगळ्यांना नमस्कार.

आपला नम्र,
धाकट्याचा दादा

---

ता. २ मार्च

आदरणीय सर,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या लिहिण्याचा तुम्ही भलताच अर्थ काढलात, पण त्यात चूक माझीच. मी धड कारण दिलं नाही.

आम्ही तुम्हाला दोष देत नाही, सर. आईही नाही, मीही नाही. धाकट्यानंही कधी दिला नाही. गुडघा गेल्यावर तो घरात पडून असायचा, तेव्हासुद्धा तुमच्याबद्दल वाकडा शब्द नाही. एकदा एवढंच म्हणाला, "सरांनी मला घेतलं हीच त्यांची चूक." आणि हसला.

तुम्ही लिहिता, त्या शेवटच्या सामन्यात साठाव्या मिनिटाला त्यानं हात वर करून मला बाहेर घ्या म्हणून खूण केली, आणि तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. तो हात तुम्हाला अजून दिसतो. सर, मीही बाकाच्या टोकाला होतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन. मलाही तो हात दिसला. तुम्ही तेव्हा फिटनेसवाल्यांना म्हणालात, "नाटक करतोय. रोज आठ किलोमीटर चढावर पळणारा माणूस साठ मिनिटांत संपतो होय?" ते म्हणाले, "बरोबर आहे, आकडे खोटं बोलत नाहीत." मी ऐकलं. मी बाटल्यांची झाकणं लावत होतो. पंधरा मिनिटांनी तो वळताना पडला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला.

तुमच्या जागी कोणीही असता तर तेच केलं असतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तुम्ही त्याला घेतलंत तेव्हा तीन क्लबांनी त्याला काढलेलं होतं. आपल्या अध्यक्षांचे शब्द मला आठवतात, कारण मी तेव्हा त्याच खोलीत नवीन शर्टांची खोकी लावत होतो. म्हणाले, "घोडा जातिवंत आहे, कबूल. पण तबेल्यातून बाहेरच यायला तयार नाही, मग आपण काय, आत जाऊन शर्यत लावायची?" तुम्ही म्हणालात, "डावा पाय बघितलात ना त्याचा? असा पाय वीस वर्षांत एकदा दिसतो. मला सहा आठवडे द्या. रोज सकाळी सरावाआधी आठ किलोमीटर, एकट्यानं, पाण्याच्या टाकीच्या चढावरून. ठोके आणि अंतर मोजणारा ट्रॅकर घालून. एक दिवस चुकला की घरी."

मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आणि हा माणूस त्याच्या घरात आहे. ट्रॅकर याच्याकडे राहील."

एकोणीस वर्षं मी किटवाला म्हणून क्लबचे कपडे सांभाळले. एक मोजा कधी हरवला नाही. म्हणून तुम्ही विश्वास टाकलात.

सर, कोचच्या शिबिरांत तुम्ही तो आलेख दाखवता, आणि तो बघून आणखी दोन क्लबांनी असेच काढून टाकलेले दोन खेळाडू घेतले, हे मला माहीत नव्हतं. यापुढे तो दाखवू नये अशी विनंती आहे. पाटीवरही नको. नाव द्यायचं तर दुसरं कसलं तरी पारितोषिक द्या. सुंदर गोलचं द्या. ते त्याचं होतं.

कारण विचारू नका.

आईचा नमस्कार. ती कार्यक्रमाला कोणती साडी नेसायची ते ठरवते आहे. मी तिला काही बोललेलो नाही.

आपला नम्र,
धाकट्याचा दादा

---

ता. २४ मार्च

सर,

नमस्कार. तुम्ही पाठवलेला पाटीचा फोटो मिळाला. संमतीची वाट न बघता क्लबनं ती करूनही टाकली. मी पाकीट कामावरच उघडलं, कपड्यांच्या खोलीत. काम छान झालं आहे. वर नाव, खाली ती चढत जाणारी रेघ, आणि रेघेखाली तारीख. ती तारीख बघून मी खोलीचं दार लावून घेतलं.

आता सांगतो. कसं लिहायचं ते मला येत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

पहिल्या दिवशी मी त्याला सव्वापाचला हाक मारली. मग पाच पंचविसाला. मग पांघरूण ओढलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, पाच मिनिटं." साडेपाच झाले. तुमचा नियम असा की सात वाजेपर्यंत ट्रॅकरमध्ये पळाल्याची नोंद हवी. मी पाणी शिंपडलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, "तूच पळ ना. ट्रॅकरच्या बंडीला काय माहीत आत कोण आहे?"

मी त्याची सतरा नंबरची बंडी चढवली. पाठीवर ते यंत्र, छातीला पट्टा. आजच्यापुरतं, असं मनाशी म्हटलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कधी बस पकडायला धावलो नव्हतो. टाकीच्या चढावर मला वाटलं, आता इथेच संपतो. चाललो, पळालो, पुन्हा चाललो. घरी येऊन न्हाणीघरात ओकलो. धाकटा तेव्हा दात घासत होता. त्यानं माझी पाठ चोळली.

त्या दिवशी दुपारी फिटनेसवाले कॉम्प्युटरवर बघून मोठ्यानं हसले. "सरकारांचे ठोके बघा सर! म्हाताऱ्यासारखे! एकशे एकोणऐंशी!" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "पण थांबला नाही. हे बघा, इथे तुटलाय, तरी पुन्हा सुरू केलंय. आळशी माणूस असं करत नाही. शरीर बिघडलंय त्याचं, मन नाही." त्याच क्षणी तुमचा त्याच्यावर विश्वास बसला. आणि सर, ते सगळं खरं होतं. फक्त ते माझ्याबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तीन हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी एक. दुसऱ्या आठवड्यापासून मी हाक मारणं सोडलं.

तुम्ही मला भावाचं प्रेम वगैरे म्हणाल. ते होतंच. पण नुसतं तेवढं नव्हतं. तुम्ही रोज मीटिंगमध्ये आकडे वाचून दाखवायचात. "कालच्यापेक्षा चाळीस सेकंद कमी. चढावर थांबला नाही." मी मागे मोज्यांची टोपली घेऊन उभा असायचो. माझं कधी कोणी काही वाचून दाखवलं नव्हतं, सर. शाळेतही नाही. मी रात्री लवकर झोपायला लागलो, तळलेलं सोडलं. तुम्ही एकदा जिन्यात थांबवून म्हणालात, "काय हो, भावाच्या काळजीनं वाळलात की!" मी हो म्हणालो.

दुपारच्या सरावात धाकटा लवकर दमायचा. तुम्हाला वाटायचं, सकाळी एवढा पळतो, दमणारच. तुम्ही त्याला अर्ध्यातून बसायला सांगायचात. म्हणजे जे थोडं झालं असतं तेही माझ्यामुळे झालं नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला कधीतरी सांगितलंही असतं. पुढचं नसतं सांगितलं.

पाचव्या आठवड्यातला गुरुवार. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता छातीचा पट्टा आवळत होतो. मागे चाहूल लागली. दारात धाकटा उभा. केस ओले, बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या.

म्हणाला, "दादा, दे इकडे. आज मी जातो."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "का रे? अंथरुणात ढेकूण झालेत का?"

तो हसला नाही. म्हणाला, "काल सर सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून बोलत होते. म्हणाले, ह्याच्याकडून शिका. मला लाज वाटली रे."

मी म्हटलं, "आता? पाचव्या आठवड्यात? तुझी रेघ वेगळी येणार. तुला चढावर थांबावं लागेल. फिटनेसवाले एका दिवसात ओळखतील, आणि दोघंही घरी."

त्यानं वाकून नाडी घट्ट केली. मग म्हणाला, "बरं. मग बंडी तू घाल. मी नुसता तुझ्याबरोबर येतो."

सर, तो बंडीशिवाय माझ्याशेजारी पळाला असता तर कोणत्याही यंत्राला कळलं नसतं. दीड आठवडा पळाला असता. कदाचित चढावर थांबला असता, मी थांबलो होतो तसा. सामन्यात साठ मिनिटांऐवजी सत्तर टिकला असता. गुडघा कदाचित वाचला असता, कदाचित नसता. ते डॉक्टर सांगतील. पण तो स्वतः उठला होता.

मी म्हटलं, "दोघांना एकत्र कोणी बघितलं तर? झोप जा."

तेव्हा मी स्वतःला हेच कारण सांगितलं, तीन वर्षं सांगत आलो. खरं असं की मला त्याला बरोबर न्यायचं नव्हतं. तो थोडे दिवस पळाला असता की माझ्या पुढे गेला असता. तसा पाय त्याचा होता, सर. मी त्याच्यामागून टाकीपर्यंत धापा टाकत गेलो असतो, जसा लहानपणापासून सगळीकडे गेलो. तेवढे सहा आठवडे माझे होते.

तो "बरं" म्हणाला. खुर्चीवर बसून नाड्या सोडायला लागला. मी दार ओढून घेतलं आणि निघालो. त्या दिवशी चढावर मी एकदाही थांबलो नाही. आठ किलोमीटर, चाळीस मिनिटं पन्नास सेकंद. सहा आठवड्यांतली सर्वांत चांगली वेळ. तुम्ही तोच आलेख ड्रेसिंग रूमच्या दारावर लावलात, तोच शिबिरांत नेलात. पाटीवर तीच तारीख आहे.

त्यानंतर तो कधी आपणहून उठला नाही. ब्रेडच्या नोकरीत मीच त्याला रोज उठवायचो. त्या दिवशीही मीच उठवलं.

तुमच्या हातून काही चुकलं नाही, हे आता तुम्हाला दिसेल. त्यानं तुम्हाला बरं वाटेल असंही नाही. मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही म्हणाल, चाळिशीतल्या माणसाचे ठोके मला ओळखता यायला हवे होते. त्या आलेखावर घेतलेले ते दोन खेळाडू कसे आहेत, हे विचारायची माझी हिंमत नाही. त्या क्लबांना काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव घाला.

अध्यक्षांना मी आज राजीनामा दिला. कारण लिहून दिलं आहे. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत चाव्या दे."

रविवारी आईला सांगितलं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगत असताना तिनं घड्या थांबवल्या नाहीत. सगळं झाल्यावर विचारलं,

"बूट घातले होते त्यानं?"

"हो."

"कोणी हाक मारली होती?"

"नाही. आपणहून उठला."

"तोंड धुतलं होतं?"

"केस ओले होते."

ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग जाऊ का नाही दिलंस रे?" ती उठून आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट झाकून ठेवायची, एवढंच.

आज सकाळी मी राजीनामा द्यायला निघालो तेव्हा दाराशी आली. म्हणाली, "सरांना लिही. पाटीवर त्याचं नाव राहू दे. मी येईन, माझ्या हातानं देईन. फक्त तुझी रेघ तेवढी काढायला सांग."

पितळेवर कोरलेलं घासून निघतं की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली ते कळवलं. कार्यक्रमाला तिला घ्यायला कोणाला तरी पाठवा. माझ्याबरोबर ती येणार नाही.

आपला,
किटवाला